नोज स्ट्रट उघडण्याआधी, भाऊ

सेसना १७२ या छोट्या विमानाच्या नोज स्ट्रटची, म्हणजे पुढच्या चाकाच्या धक्के झेलणाऱ्या पायाची, सील पहिल्यांदाच बदलून राहिला म्हणतोस, तर ऐक. मुख्य चाकांत शॉक ॲब्सॉर्बर शोधत बसू नको, तिथं पोलादी नळीच (जुन्या मॉडेलांत पोलादी पट्टी) स्प्रिंगचं काम करते. तेल-हवेचा स्ट्रट फक्त पुढच्या चाकाला.

शेपटीच्या कडीला वजन बांधून नाक उचल. मग व्हॉल्व्हमधून सगळी हवा सोड. फुस्स आवाज थांबला तरी व्हॉल्व्हचा कोअर, म्हणजे आतली बारकी पिन, काढूनच पुढं जा. ती कात्रीसारखी टॉर्क लिंक दिसते ना, तीच पिस्टनला अडवून धरते. आत दाब असताना तिचा बोल्ट काढला की पिस्टन सणकन बाहेर येतो. माझ्या कपाळावरची खूण त्याचीच आहे, हसू नको.

ओ-रिंग, म्हणजे सीलचं रबरी कडं, काढायला स्क्रूड्रायव्हर घालू नको. खाचेत ओरखडा पडला तर नवी रिंगही गळते. प्लास्टिकचं टोक वापर. पिस्टनच्या चकचकीत क्रोमवर नख फिरव. खड्डा लागला तर नुसत्या रिंगनं भागत नाही बाप्पा.

तेल लाल, ५६०६ नंबरचं हायड्रॉलिक तेलच. हवा ४५ पीएसआय, तीही चाक अधांतरी असताना.

आपल्याकडं मे महिन्यात धूळ क्रोमला चिकटून सील खाते. त्याच तेलात ओलावलेल्या फडक्यानं उघडा भाग रोज पूस. भर दुपारी स्ट्रट जरा उंच दिसला तर लगेच हवा सोडू नको, उन्हानं फुगलेला असतो.

आणि लॉगबुकात परवानाधारक एएमईची (विमान देखभाल इंजिनिअरची) सही झाल्याबिगर विमान हँगरबाहेर काढायचं नाही.