जंगलातल्या वाटेसाठी निधी गोळा करताय? आधी वाट कुणाची ते बघा

तुमचा प्रश्न वाचला. वीसेक फोर बाय फोरवाल्यांचा (चारही चाकांना ताकद मिळणाऱ्या गाड्यावाल्यांचा) ग्रुप आहे, कोल्हापूर जिल्ह्यात भुदरगड तालुक्यातल्या पाटगावच्या वरच्या अंगाला जंगलात जाणारी कच्ची वाट पावसात उखडलीय, आणि दिवाळीनंतर ऑफरोड इव्हेंट घेऊन जे पैसे सुटतील त्यातनं जेसीबी लावून ती नीट करायची, असा बेत. परवानगी कुणाची लागते, पैसे कसे गोळा करायचे, हिशेब कसा ठेवायचा, हे विचारलंय. मनापासून सांगतो, बेत वाचून बरं वाटलं. ज्या वाटेवर आपण गाडी घालतो ती सांभाळायलाही आपणच हात लावायचा, असं म्हणणारे आपल्याकडं अजून थोडेच आहेत. म्हणून सविस्तर लिहितोय. फक्त जेसीबी आत्ताच डोक्यातनं काढून टाका, कारण पुढं येईलच.

पैशाच्या आधी कागद. भूमी अभिलेख कार्यालयातनं त्या गावाचा नकाशा काढा. गावनकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं दाखवतात आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं. गाडीवाटेची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरली जाते, पायवाटेची सव्वाआठ फूट. आपण ज्याला ट्रेल म्हणतो ती नकाशावर पायवाट निघाली तर तिथं गाडीसाठी वाट करायचा विषयच काढू नका. आणि एकच वाट तीन-तीन मालकांची असते हे लक्षात ठेवा. गावाजवळ ती पाणंद, म्हणजे शेतांमधनं जाणारी वाट, असते, पुढं ग्रामपंचायतीचा नाहीतर जिल्हा परिषदेचा रस्ता, आणि झाडी सुरू झाली की वनविभागाची हद्द. प्रत्येक तुकड्याला वेगळी परवानगी लागते.

वनहद्दीत काय होतं ते नीट समजून घ्या. भारतीय वन अधिनियम १९२७ च्या कलम २६ खाली राखीव वनात विनापरवाना शिरणं, जमीन उकरणं, दगड काढणं हे सगळं गुन्ह्यात बसतं. म्हणजे तुम्ही चांगल्या हेतूनं चर खणला आणि शेजारचेच चार दगड उचलून त्याला लावले, तरी गुन्हा दाखल होऊ शकतो. त्यात जेसीबी आत नेला तर तो जप्त होतो आणि ज्याचा जेसीबी त्याच्या पोटावर पाय येतो. शिवाय १९८० च्या वन संवर्धन कायद्यामुळं जुना रस्ता आहे तेवढ्याच रुंदीत राखणं वेगळं आणि रुंद करणं वेगळं. रस्ता २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीपासून नोंदीत आहे का, हे विचारलं जाणारच. जुन्या नोंदी शोधायला गावातली वडीलधारी माणसं आणि ग्रामपंचायतीचं दप्तर, दोन्ही कामाला येतात.

राधानगरी अभयारण्याची हद्द असेल तर विषय आणखी कडक. १९५८ साली दाजीपूरचं गवा अभयारण्य म्हणून जाहीर झालेलं हे राज्यातलं सगळ्यात जुनं अभयारण्य, आज साडेतीनशे चौरस किलोमीटरच्या वर पसरलेलं, आणि २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात. तिथं वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ लागू होतो, नुसतं आत जायलाही परवाना लागतो. माझं स्पष्ट मत आहे की अभयारण्यात क्लबनं हौसेची गाडी घालूच नये. दाजीपूरला ठरलेल्या रस्त्यावर, ठरलेल्या वेळात, गाईड घेऊन जंगल बघावं आणि परत यावं. अभयारण्याबाहेरही विशाळगड, पन्हाळगड, गगनबावडा, आजरा-भुदरगड आणि चंदगड ही संवर्धन राखीव क्षेत्रं आहेत. हा सगळा पट्टा म्हणजे चांदोलीपासून राधानगरीमार्गे तिलारीपर्यंत जनावरांची ये-जा होते ती वाट. तुमचा तुकडा त्यात पडतो का ते आधी वनक्षेत्रपालांना विचारा.

आणि विचारायला एकटे जाऊ नका. क्लबच्या लेटरहेडवर अर्ज देण्यापेक्षा गावानं ग्रामसभेत ठराव करावा, संयुक्त वन व्यवस्थापन समिती (गाव आणि वनविभाग मिळून जंगल सांभाळणारी) असेल तर तिनं अर्ज करावा, आणि आपण त्या अर्जाला मदतनीस म्हणून जोडलं जावं. वाट त्यांची आहे. दवाखान्याला, दुधाला, सरपणाला तेच जातात, आपण रविवारी जातो. गावाला ती वाट सुधारलेली नकोच असेल, कारण सुधारली की बाहेरच्या गाड्या वाढतात, तर तोही शब्द पाळायचा.

आता खुद्द वाटेकडं. ओल्या मातीत चाक घसरत फिरलं की चाकोरी पडते. चाकोरी खोल गेली की वरनं आलेलं पाणी उताराच्या बाजूला पडायचं सोडून चाकोरी धरूनच धावतं. दुसऱ्या पावसाळ्यात त्याची घळ होते. घळ चुकवायला पुढची गाडी कडेच्या कारवीत घुसते, तिच्यामागनं सगळ्या घुसतात, आणि दहा फुटांची वाट बघता बघता तीस फुटांची होते. जेसीबी या घळीत सुटी माती लोटतो आणि वरनं सपाट करतो. फोटोत झकास दिसतं. पण ती माती पहिल्या जोराच्या पावसात खालच्या ओढ्यात जाते, आणि सपाट करताना दोन्ही कडांना मातीचा जो वरंबा राहतो त्यानं पाण्याला बाहेर पडायची उरलीसुरली जागाही बंद होते. आपल्याकडं वर जांभ्याचा कठीण थर आणि खाली मऊ, चिकट माती. वरचा थर यंत्रानं एकदा फोडला की खालची माती लोण्यासारखी कापली जाते.

वाट टिकते ती पाणी वेळेवर बाहेर काढल्यानं. त्यासाठी वाटेला आडवा, उताराकडं तिरका असा रुंद आणि उथळ चर काढायचा, आणि निघालेली माती त्याच्या खालच्या अंगाला उंचवटा करून धुम्मसानं, म्हणजे माती चोपायच्या जड अवजारानं, ठोकून बसवायची. चर इतका पसरट हवा की गाडी त्यातनं सावकाश वर-खाली होऊन निघावी, बंपर टेकू नये. पाणी जिथं वाटेबाहेर पडतं तिथं दगडांची रचाई करा, नाहीतर तिथंच नवी घळ सुरू होते. चढ जितका उभा तितके चर जवळजवळ. नुसता अरुंद खड्डा खणून सोडला तर महिन्याभरात बुजतो, गाड्याही त्याला वळसा घालून जातात आणि वाट आणखी रुंद होते. टिकाव, फावडं, पहार, घमेली आणि धुम्मस, एवढ्यात हे काम होतं. वेळ मात्र साधावी लागते. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबर या काळात मातीत ओल असते, ठोकलेली माती बसते. मार्चमध्ये तीच माती धूळ होते आणि कितीही ठोकली तरी धरत नाही.

चर कुठं काढायचा हे गुरं राखणाऱ्या माणसाला विचारा. एका वाटेवर वळणावर दरवर्षी घळ पडायची. गावातले एक काका आम्हाला वळणाच्या बरंच वर घेऊन गेले, कडेचा पालापाचोळा पायानं सारला, आणि खाली जुनी दगडी मोरी निघाली, तोंडाशी मातीनं गच्च भरलेली. "पाणी हितनं पलीकडं जायाचं. ही बुजली तवापासनं ते वाटनं पळतंय," एवढंच ते बोलले. दुपारपर्यंत मोरी मोकळी झाली. वळणावर नवा चर काढायची गरजच पडली नाही. असल्या जुन्या मोऱ्या आणि कडेची गटारं हाच पहिला खर्च समजा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळाच्या पठारावर, चाक घालू नका, दुरुस्तीच्या नावाखालीही. त्या कातळावर बोटभर मातीत भादव्यात जी फुलं येतात, त्या मातीवर एकदा टायर फिरला की ती खूण वर्षानुवर्षं जात नाही.

आता पैसे. गणपतीची वर्गणी काढताना मंडळं धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातनं सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या कलम ४१ क ची, म्हणजे लोकांकडनं पैसे गोळा करायची, परवानगी घेतात, हे कोल्हापुरात तालमीतल्या पोरांनाही माहीत असतं. नोंदणी नसलेल्या ग्रुपनं लोकांकडनं धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करायचे तर तुम्हालाही तोच नियम. एखाद्याच्या स्वतःच्या खात्याचा क्यूआर कोड ग्रुपवर टाकून पैसे घेऊ नका. माणूस कितीही सरळ असला तरी पुढं वाद होतात आणि चांगला ग्रुप फुटतो. पहिल्या वर्षी सगळ्यात सोपं म्हणजे पैसा आपल्याकडं ठेवायचाच नाही. वन व्यवस्थापन समितीचं बँक खातं असतं, ते अध्यक्ष आणि वनविभागाचा माणूस यांच्या जोड सहीनं चालतं. निधी चेकनं तिथं द्या, पावती घ्या, आणि कामाचं मस्टर व बिलं गावाच्या फळ्यावर लावायचा आग्रह धरा.

हे दरवर्षी करायचं ठरलं तर मग संस्था काढा. १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि १९५० चा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, दोन्हीखाली नोंद होते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या कारखानदारांकडं सीएसआर (कंपन्यांनी समाजकामासाठी काढलेला निधी) मागायचा विचार तुमच्या डोक्यात असणारच, पण त्यासाठी संस्थेला आयकराची नोंदणी आणि साधारण तीन वर्षांच्या कामाचा दाखला लागतो. तोवर फौंड्रीवाल्यांकडं रोख मागण्यापेक्षा पहारी, धुम्मस, पत्र्याचे फलक मागा. आपल्या गावात हे मागितलं की मिळतं.

इव्हेंट जंगलात घेऊ नका. एखादी बंद पडलेली मुरमाची खाण किंवा माळरान, मालकाच्या लेखी संमतीनं घ्या, पोलिसांना कळवा, रुग्णवाहिका उभी करा. गाडीची पॉलिसी काढून वाचा, शर्यत आणि स्पर्धेतलं नुकसान नेहमीच्या मोटार विम्यात बसत नाही. म्हणून घड्याळ लावायचंच नाही, अडथळे पार करायचे आणि अडकलेल्या गाड्या एकमेकांना विंच (गाडीवरचं दोर ओढायचं यंत्र) लावून काढायच्या. हिशेब असा धरा: वीस गाड्या, प्रत्येकी २,००० रुपये, म्हणजे ४०,०००. जेवण, रुग्णवाहिका, जागा यात १५,००० गेले तरी २५,००० उरतात. ५०० रुपये रोज धरला तर ते पन्नास माणसांचं एका दिवसाचं काम झालं. एवढ्या हातांनी अशा वाटेचा बराच मोठा टप्पा पावसाळ्याआधी तयार होतो. तेवढ्याच पैशात जेसीबी दोन-तीन दिवस फिरला असता आणि गावात रुपयाही राहिला नसता. पाटगाव मधाचं गाव म्हणून नावाजलेलं आहे. इव्हेंटला तिथल्या मधाचा स्टॉल लावा, तो पैसा थेट गावात जाईल.

बाहेरच्या देशांत हे कसं चालतं असंही विचारलंय. कॅलिफोर्नियात १९७१ च्या कायद्यानं ऑफरोड गाड्यांची वेगळी नोंदणी आहे. त्या नोंदणीची फी आणि इंधन करातला वाटा एका खास निधीत जातो आणि त्यातनं वाटांची देखभाल होते. तिथं सरकारनं गाडीवाल्याच्या खिशातनं पैसा घेऊन वाटेवर लावायची सोय कायद्यानंच केली. आपल्याकडं तशी सोय नाही, त्यामुळं क्लबनं सभासद वर्गणीतच वाटेचा भाग आधी काढून ठेवावा. इव्हेंट एखाद्या वर्षी होईल, एखाद्या वर्षी होणार नाही.

शेवटी वेळापत्रक. जून ते सप्टेंबर त्या वाटेवर गाडी नाही, हा नियम क्लबनं स्वतःवर आधी लावावा आणि गावाला लिहून द्यावा. तुमच्या अर्जाला याच कागदानं वजन येईल. भर पावसात चालत जाऊन पाणी कुठनं शिरतं त्या जागांचे फोटो काढा. अर्ज आणि ठराव सप्टेंबरातच द्या. दिवाळी झाली की काम काढा आणि फेब्रुवारीच्या मध्याच्या आत उरका, पुढं वणव्याचे दिवस लागतात आणि वनविभागाची माणसं जाळरेषांत (वणवा पसरू नये म्हणून मोकळ्या केलेल्या पट्ट्यांच्या कामात) अडकलेली असतात.

गावनकाशाची प्रत हातात आली की गट नंबर दिसतील असा फोटो इथं टाका. कुठला तुकडा कुणाच्या ताब्यात येतो ते बघून अर्जाचा मसुदा मी करून देतो.