रूट जपून वापर

फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टीम शिकायचीय ना? मग कोपऱ्यात पडलेला जुना पीसी घे बाबा, घरच्या चालू मशीनवर प्रयोग नको. 1993 पासूनची सिस्टीम आहे. हँडबुक आणि मॅन पानं (कमांडांची माहिती देणारी) इतकी नीट लिहिलेली, की क्लासला पैसे घालू नकोस. बरीचशी सेटिंग एकाच 'आरसी.कॉन्फ' फाइलीत. हात लावण्याआधी तिची कॉपी काढ. परभणीत मी नाही काढली. एक अवतरणचिन्ह सुटलं अन् मशीन थेट सिंगल-युजरमध्ये, म्हणजे दुरुस्तीपुरत्या मोडमध्ये. फाइल उघडते, पण सेव्हच होईना! तिथे डिस्क रीड-ओन्ली असते, लिहिता यावं म्हणून 'माउंट -यू /' ही कमांड द्यावी लागते, हे कळेपर्यंत पहाट झाली. त्यात मधे लाईट गेली ते वेगळंच. डिस्कवर झेडएफएस ही फाइल सिस्टीम असेल तर अपडेटआधी स्नॅपशॉट (त्या क्षणाची नोंद, जिच्यावर परत जाता येतं) घे, क्षणाचं काम. रोजचं काम रूटने, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याने, नको; साध्या युजरने कर, लागेल तिथेच सुडो (तेवढ्या कमांडपुरते रूटचे अधिकार देणारं).