डीएनए एकच, मग मेंदूत इतक्या तऱ्हेच्या पेशी कशा?

प्रश्न: नात बारावीला आहे, तिने विचारलं की सगळ्या पेशींत डीएनए सारखाच असतो तर गर्भात मेंदू बनताना एक पेशी न्यूरॉन (संदेश नेणारी चेतापेशी) आणि शेजारची भलतीच काहीतरी, हे ठरवतं कोण? मला उत्तर देता आलं नाही. शिवाय धाकट्या सूनबाईंना सातवा लागलाय, पोटाला हेडफोन लावून गाणी ऐकवली की बाळाचे न्यूरॉन वाढतात असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय, खरं का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: आधी नातीचा प्रश्न घेते, भारी आहे. डीएनए तोच, पण त्यातली कुठली जनुकं चालू आणि कुठली बंद हे पेशीगणिक बदलतं, आणि ते मुख्यतः ठरतं पेशी कुठे आहे आणि कधी जन्मली यावर.

गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत न्यूरल ट्यूब नावाची नळी, जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात, ती मिटते (कित्येकींना तोवर दिवस गेल्याचा पत्ताही नसतो, म्हणून तर डॉक्टर फॉलिक अ‍ॅसिड आधीपासून घ्या म्हणतात). नळीच्या पोटाकडच्या बाजूने सॉनिक हेजहॉग नावाचं प्रोटीन पसरतं, हो, व्हिडिओ गेममधल्या त्या निळ्या सॉनिकवरूनच नाव ठेवलंय, शास्त्रज्ञ पण काय एकेक. उदबत्तीसारखं, जवळ उग्र आणि लांब जाल तसं मंद, आणि पेशीला किती मिळालं त्यावर कुठली जनुकं चालू होणार ते ठरतं. मज्जारज्जूत ठराविक डोस मिळालेल्या पेशी स्नायू हलवणारे मोटर न्यूरॉन होतात.

पण मला विचाराल तर खरी गंमत 'कधी'मध्ये आहे. मेंदूच्या भिंतीत रेडियल ग्लिया नावाच्या लांबलचक पेशी असतात, एक टोक आत, एक बाहेर. फार वर्षं वाटायचं की या नुसता न्यूरॉनना वर चढायला आधार देतात, 2000-2001च्या सुमारास कळलं की न्यूरॉनच्या आयाही ह्याच! यांचं केंद्रक पेशीतल्या पेशीत येरझारा घालतं, विभाजनाच्या वेळी बरोबर आतल्या टोकाला येतं, मग नवा न्यूरॉन त्या धाग्याला धरून वर सरकतो. कॉर्टेक्सचे, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाचे, थर 6, सगळ्यात वरचा सोडला तर आधी जन्मलेले खाली बसतात आणि नंतरचे त्यांच्यामधून वाट काढत वर जातात. न्यूरॉनचा कोटा आटोपला की त्याच पेशी अ‍ॅस्ट्रोसाइटसारख्या मदतनीस पेशी बनवायला लागतात. ही पाळी कधी बदलायची त्यात एलएचएक्स2 जनुकाचा हात असतो, हे 2011मध्ये मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतल्या शुभा टोळे यांच्या लॅबने उंदरांत दाखवलं: हिप्पोकॅम्पसमध्ये (मेंदूचा आठवणींशी संबंधित भाग) ते वेळेआधी काढलं तर न्यूरॉन बनायच्या वेळेलाच अ‍ॅस्ट्रोसाइट बनायला लागतात.

मायक्रोग्लिया मात्र या घरातल्याच नाहीत, मेंदूची साफसफाई करणाऱ्या या पेशी योक सॅकमधून, म्हणजे गर्भाला जोडलेल्या एका पिशवीतून, येतात आणि इथेच मुक्काम ठोकतात.

आता हेडफोन. कॉर्टेक्सचे बहुतेक न्यूरॉन सातव्या महिन्याच्या आधीच जन्मून झालेले असतात, त्यामुळे गाण्याने त्यांची संख्या वाढते वगैरे काही नाही. सूनबाईंना आवडत असतील तर गाणी खुशाल ऐकू देत, पण स्वतःच्या कानाने आणि बेताच्या आवाजात, पोटाला स्पीकर चिकटवायची काही गरज नाही.