पुण्यात एजन्सीतून ले-ऑफ झालाय, ग्राफिक डिझायनर आहे. पोर्टफोलिओ बघून कोणी सांगेल का काय चुकतंय आणि नोकरी कुठे शोधू?

तुम्ही लिहिलंय की एजन्सीत चार वर्षं काढली, मग अर्धी टीम कमी केली त्यात तुमचंही नाव आलं, आणि तेव्हापासून रोज लिंक्डइनवर अप्लाय करताय पण कोणी साधं उत्तरही देत नाही. बिहान्सची (डिझायनर आपलं काम लावतात त्या साइटची) लिंक उघडून सगळं बघितलं. माझा पॅकेजिंगचा छोटा स्टुडिओ आहे पुण्यातच, ज्युनिअर घ्यायचे असले की पोर्टफोलिओ ढिगाने बघावे लागतात, म्हणून स्पष्टच लिहिते, राग मानू नका.

काम चांगलंय हो तुमचं, पण लावलंय उलटं. सगळ्यात वर काय, तर एका मोठ्या कॉफी चेनचं कोणी न सांगितलेलं रिब्रँडिंग, हवेत तरंगणारी व्हिजिटिंग कार्डं, पांढरे कप, म्हणजे डिझाइन चिकटवून दाखवायचे तेच फुकटचे तयार फोटो, मॉकअप, जे सगळ्यांकडे असतात. त्याखाली पाडवा, महिला दिन, दिवाळी, परत पाडवा. सणांच्या पोस्ट आता क्लायंटचा पुतण्याच कॅनव्हावर करतो नाहीतर एआयकडून करून घेतो, त्यासाठी वेगळा माणूस पगारावर ठेवायचे दिवस गेले, हे तुम्हाला मी काय सांगणार. आणि मग पार तळाला, स्क्रोल करून करून बोट दुखल्यावर, ते सांगलीच्या भडंगाचं पाकीट!

अहो ते वर आणा की. 'भडंग'च्या अनुस्वाराच्या जागी शेंगदाणा केलाय ते छानच आहे, पण मला त्याहून आवडलं ते हे की दहा रुपयांच्या छोट्या पाकिटावर तुम्ही शेंगदाणा काढून साधं टिंब ठेवलंय, कारण तेवढ्या साइजला छापल्यावर त्याचा नुसता डाग दिसला असता. हे ज्याला कळतं त्याला मी इंटरव्ह्यूला बोलावते. आणि तुम्ही त्याखाली लिहिलंय काय, तर 'पॅकेजिंग डिझाइन, २०२३', बास. मागची बाजू तर दाखवलेलीच नाही. एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ आकडी नंबर, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, निव्वळ वजन, एमआरपी, घटक पदार्थ, बारकोडच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा, हे सगळं एवढ्याशा जागेत वाचता येईल असं बसवायला डोकं लागतं, तेव्हा मागची बाजू झूम करून दाखवा, डायलाइनसकट (पाकीट कुठे कापायचं, कुठे दुमडायचं त्या रेषांसकट) दाखवा. पुढची बाजू सुंदर करणारे खूप भेटतात.

एकूण सहा-सात प्रोजेक्ट ठेवा, बाकीचे काढून टाका, जीव तुटला तरी. प्रत्येकाखाली चार ओळी साध्या मराठीत किंवा इंग्रजीत: क्लायंटला काय हवं होतं, अडचण कुठे आली, तुम्ही नेमकं काय केलं आणि टीममधल्या दुसऱ्यांनी काय केलं. हे शेवटचं महत्त्वाचं. आणखी एक, नोकरीत असताना केलेल्या कामाचा कॉपीराइट वेगळा करार नसेल तर कायद्याने कंपनीचा असतो (१९५७ च्या कायद्यातलं कलम १७), म्हणून जुन्या बॉसला मेल टाकून पोर्टफोलिओत दाखवू का असं लेखी विचारून घ्या. बाजारात आलेल्या कामाला सहसा नाही म्हणत नाहीत. न आलेलं काम मात्र टाकूच नका.

एक गोष्ट खटकली, ते शाळेचं ब्रोशर. 'विद्यार्थी'मधली पहिली वेलांटी व सोडून पुढे पडलीय आणि जोडाक्षर फुटून द चा पाय मोडलाय. इनडिझाइनमध्ये (पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये) परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर, म्हणजे देवनागरी नीट जोडणारी सेटिंग, लावला नाही की हे हमखास होतं, तो लावा, युनिकोड फॉन्ट घ्या (मुक्ता, बलू वगैरे फुकट आहेत आणि चांगले आहेत), आणि पान परत एक्स्पोर्ट करा. मराठी क्लायंट आधी हेच बघतो. आणि खरं सांगायचं तर तुमची ताकद इथेच आहे, देवनागरी अक्षराची जाण. एआय चित्रं झकास काढतं पण जोडाक्षरात अजून बऱ्याचदा घसरतं, उद्या सुधारेलही, पण छापायला जाणाऱ्या फाइलची जबाबदारी कोणीतरी माणसानेच घ्यावी लागते.

त्यामुळे नोकरी शोधताना 'ग्राफिक डिझायनर' एवढंच टाकून ईझी अप्लाय दाबत बसू नका, तिथे ढिगात तुमचा नंबर कधी लागायचा? मसाले, फराळ, डेअरी, आयुर्वेदिक वाले यांची यादी करा, दुकानात जाऊन ज्यांची पाकिटं बघवत नाहीत त्यांच्या पाकिटामागे पत्ता आणि कस्टमर केअरचा मेल छापलेलाच असतो. भोसरी-चाकण भागातल्या पॅकेजिंगच्या प्रेस, पाठ्यपुस्तकं-गाइड छापणारे प्रकाशक, यांना प्रीप्रेस, म्हणजे छपाईआधी फाइल तयार करायचं काम, समजणारा डिझायनर लागतो पण ते लिंक्डइनवर जाहिरात देतीलच असं नाही. मेलमध्ये तीन ओळी आणि भडंगाच्या पाकिटाचा एक फोटो. एजन्सीसारखी चमक नसेल तिथे, शनिवारी पण जावं लागेल कदाचित, ते धरून चला.

रेझ्युमेतल्या त्या 'फोटोशॉप ९०%' वाल्या पट्ट्या आजच काढा, उरलेले १० टक्के कोणते असं मी खरंच एकाला विचारलं होतं. ले-ऑफ झाला हे एका ओळीत सरळ लिहा, सगळ्यांना माहितीय काय चाललंय ते. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र आणि फॉर्म १६ एजन्सीकडून आत्ताच मागून घ्या, नंतर तिथला एचआरच बदलतो.

टेस्ट असाइनमेंट मागतील. एखादा लेआउट ठीक आहे, पण त्यांच्याच चालू प्रॉडक्टचं अख्खं कॅम्पेन मागितलं तर पैसे विचारा, आणि द्यायचंच असेल तर लो-रेझ पीडीएफ वॉटरमार्क टाकून द्या, ओपन फाइल (ज्यात बदल करता येतात ती मूळ फाइल) कुणालाही नाही. लॅपटॉपचं डिपॉझिट भरा म्हणणाऱ्याचा फोन तर तिथेच ठेवून द्या. नवीन क्रमाने लावून झालं की लिंक इथेच कमेंटमध्ये टाका, परत बघते.