क्रिप्टोची खरेदी आणि घरची गंगाजळी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पिंपरीत कंपनीत नोकरी करतो. हातात 62,000 येतात. घराचा हप्ता 18,500, घरखर्च 24,000, म्युच्युअल फंडाची एसआयपी 5,000. दर सोमवारी 1,500 रुपयांचं बिटकॉइन घेतो. महिन्याला साडेआठ हजार उरायला हवेत, पण दोनदा महिनाअखेरीला बिटकॉइन विकून भागवावं लागलं. बाजूला फक्त 40,000 आहेत. चुकतंय कुठे?

उत्तर : तुमचा हिशेब चार सोमवारांचा आहे. पाच सोमवार आले की 6,000 ऐवजी 7,500 जातात. पण ही गळती लहान. मोठी गळती वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांची असते. मागच्या 12 महिन्यांचं बँक स्टेटमेंट काढा आणि असे खर्च पेन्सिलीने खुणा करून वेगळे मांडा : गाडीचा विमा, मेडिक्लेमचा हप्ता, शाळेची फी, गणपतीला गावी जाणं, दिवाळी. बेरीज 84,000 आली असं धरू. म्हणजे महिन्याला 7,000. साडेआठ हजारांतले उरले 1,500. दुचाकीचं टायर आणि दोन दिवसांचा ताप एवढ्यात तेही संपतात, आणि मग बिटकॉइन विकावं लागतं, भाव काहीही असो.

पहिलं काम : हे 7,000 पगाराच्या दुसऱ्या दिवशी वेगळ्या बचत खात्यात टाका. त्या खात्याचं यूपीआय चालू करू नका. हाताशी असलेला पैसा चहा-वड्यात जातो.

दुसरं, गंगाजळी किती हवी? ज्यांच्यावाचून चालत नाही ते खर्च धरा : 18,500 अधिक 24,000 अधिक 7,000, म्हणजे 49,500. घरात कमावणारे एकटे असाल तर सहा महिन्यांचे 2,97,000. पहिला टप्पा तीन महिन्यांचा, 1,48,500. तुम्हाला 1,08,500 कमी पडतात. बिटकॉइन पूर्ण थांबवलंत तर त्याचे 6,000 आणि उरणारे 1,500 मिळून महिना 7,500 सुटतात आणि साडेचौदा महिन्यांत टप्पा गाठता येतो. महिन्याला 1,500 चं चालू ठेवलंत तर अठरा महिने लागतात. फरक साडेतीन महिन्यांचाच आहे, त्यामुळे सवय मोडायची नसेल तर 1,500 चालू ठेवायला आमची हरकत नाही. मात्र दिवाळीचा बोनस सगळा गंगाजळीत जाऊ द्या.

तिसरं, तारखा. हप्ता पाच तारखेला कापला जात असेल तर खरेदी दहा तारखेला, महिन्यातून एकदाच. हप्ता परत गेला तर बँकेचा दंड, वर जीएसटी, शिवाय क्रेडिट रेकॉर्डवर डाग. एवढं मोजून सोमवारच्या खरेदीने काही कमावलं असेल असं वाटत नाही. एक्स्चेंजच्या (जिथे कॉइन विकत घेता त्या ॲपच्या) वॉलेटमध्ये रुपयेही आधीपासून भरून ठेवू नका. तिथे त्यांवर व्याज मिळत नाही.

आणि एक्स्चेंजला पगाराचं खातं जोडलं असेल तर बदला. पी टू पीवर, म्हणजे थेट माणसामाणसातल्या व्यवहारात, अनोळखी माणसाला कॉइन विकून आलेला पैसा सायबर फसवणुकीतला निघाला, तर तपास यंत्रणेच्या सांगण्यावरून बँक खातं गोठवते. ते पगाराचं असेल तर दूधवाल्याचंही बिल अडतं.

प्रश्न : दोन लाखांना घेतलेलं इथेरियम नोव्हेंबरमध्ये तीन लाखांना विकलं आणि सगळे पैसे लगेच दुसऱ्या कॉइनमध्ये घातले. आज जानेवारीत त्याची किंमत 1,60,000 आहे. एकूण तोटाच झाला, तर कर लागणार नाही ना? (सोलापूरहून)

उत्तर : लागणार. नफा 1,00,000, त्यावर 30 टक्के आणि करावर 4 टक्के सेस, म्हणजे 31,200. एप्रिल 2022 पासूनचा नियम असा की एका कॉइनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. म्हणजे नवं कॉइन आज विकून तोटा दाखवलात तरी या 31,200 मधला एक रुपया कमी होणार नाही. नियम कडक आहे, आमच्या मते अन्यायाचाही आहे, पण आहे तो असा आहे.

विक्रीच्या वेळी 1 टक्का टीडीएस म्हणून 3,000 कापले गेले असतील. फॉर्म 26एएसमध्ये (तुमच्या नावावर जमा झालेल्या कराचा उतारा) ते दिसतायत का पाहा. उरले 28,200. पगारावरचा टीडीएस बरोबर कापला जात असला तरी ही रक्कम 10,000 च्या वर असल्याने आगाऊ कर भरावा लागतो. 15 डिसेंबरचा हप्ता चुकला, त्याचं थोडं व्याज पडेल. 15 मार्चपूर्वी पूर्ण भरा म्हणजे ते वाढणार नाही. हे पैसे घरात नसतील तर कॉइनच विकावं लागेल, आणि तोट्यातल्या विक्रीवरही 1 टक्का टीडीएस कापला जातो, कारण तो नफ्यावर नसून विक्रीच्या रकमेवर असतो. तो नंतर हिशेबात मिळतो, पण आज हातात कमी येतात, तेव्हा साधारण 28,500 चं विका. विवरणपत्र आयटीआर-1 चालत नाही. पगारदाराने आयटीआर-2 घेऊन त्यातलं क्रिप्टोचं परिशिष्ट भरावं.

पुढच्या वेळी विकलंत की त्याच दिवशी नफ्याच्या 31.2 टक्क्यांतून टीडीएस वजा करून उरलेली रक्कम बाजूच्या खात्यात टाका. एक कॉइन थेट दुसऱ्याशी बदललं तरी कराच्या दृष्टीने ती विक्रीच असते. तिथे तर खात्यात रुपया न येताच कर लागतो, म्हणून ही रक्कम आधी घरून काढावी लागते.

प्रश्न : बिटकॉइनचा भाव पडलाय, गोल्ड लोन काढून घेऊ का?

उत्तर : नको. नोव्हेंबर 2021 मध्ये बिटकॉइन 69,000 डॉलरच्या आसपास होतं, वर्षभराने 16,000 च्या खाली गेलं. मधल्या प्रत्येक पायरीवर ‘भाव पडलाय’ हे खरंच होतं. त्यात कर्जाचं व्याज क्रिप्टोच्या नफ्यातून वजा करता येत नाही.

प्रश्न : यूएसडीटी हे कॉइन डॉलरला बांधलेलं असतं. अडीअडचणीचे पैसे त्यातच ठेवले तर? (मडगावहून)

उत्तर : डॉलरला बांधलेलं असलं तरी तुमच्या दवाखान्याचं बिल रुपयांत आहे. ते विकताना टीडीएस, शुल्क आणि नफा असेल तर कर. गाठही सुटू शकते : मार्च 2023 मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा यूएसडीसी हे असंच डॉलरला बांधलेलं कॉइन, ज्याचे काही राखीव डॉलर त्या बँकेत होते, 90 सेंटच्या खाली घसरलं होतं. काही दिवसांत सावरलं, पण ऑपरेशन नेमकं त्याच दिवसांत असेल तर? आणि जुलै 2024 मध्ये वझीरएक्स या भारतीय एक्स्चेंजच्या वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलरची चोरी झाल्यावर पैसे काढणंच बंद झालं. ग्राहकांना कॉइन परत मिळायला वर्षाहून जास्त काळ गेला. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, तसा इथे नाही.

एका महिन्याचा खर्च बचत खात्यात, दोन महिन्यांचा स्वीप-इन एफडीत (बचत खात्याला जोडलेली, गरजेला आपोआप मोडणारी ठेव), बाकी लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या कर्जरोख्यांचा म्युच्युअल फंड) ठेवा. लिक्विड फंडातून झटपट काढण्याची सोय असेल तर दिवसाला 50,000 किंवा शिल्लक रकमेच्या 90 टक्के, यांपैकी जे कमी ते मिळतं. बाकीचे पुढच्या कामाच्या दिवशी येतात.