आधी झोपेचा हिशेब, मग आसन

योग-संवाद : वाचकांचे प्रश्न

ताई, सप्रेम नमस्कार. मी देवगड तालुक्यातली, वय 61. दोन्ही मुलगे मुंबईला, घरी आम्ही दोघंच. साडेसातला जेवून साडेआठला आडवे होतो. पडल्याबरोबर डोळा लागतो, पण तीनच्या सुमाराला टक्क जाग येते. मग कलमांची फवारणी, धाकट्याचं घराचं कर्ज, एकेक डोक्यात सुरू होतं. शेवटी चारला उठून चहा टाकते. दुपारी जेवल्यावर पडवीत दीड-दोन तास झोपते, नाहीतर डोकं जड होतं. मोबाइलवर बघून रात्री झोपायच्या आधी कपालभाती आणि सहा सूर्यनमस्कार करते. गुडघे दुखतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे. झोपेसाठी नेमकं कोणतं आसन करू? आमचे हे म्हणतात, ‘रातचा काय करतस गो, गप पड!’

तुमच्या ह्यांचं निम्मं तरी बरोबर आहे. रात्रीची कपालभाती आजपासून बंद.

पण आसनाआधी हिशेब करू. साडेआठला आडव्या, पावणेनऊला झोप, तीनला जाग, म्हणजे सव्वासहा तास झाले. दुपारचे दीड-दोन त्यात मिळवा. पावणेआठ, सव्वाआठ. तुमच्या वयाला सात-आठ तास पुष्कळ! तुमची झोप कमी झालेली नाही, ती दुपारी आणि रात्री अशी वाटली गेली आहे. त्यात वय वाढलं की गाढ झोपेचा वाटा कमी होतो आणि शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, संध्याकाळी लवकर पेंग आणि पहाटे लवकर जाग. मुलं बाहेरगावी गेलेल्या आपल्याकडच्या घरांत हे सर्रास दिसतं. दिवेलागणी झाली, जेवणं आटोपली, आता जागून करायचं काय, म्हणून माणसं आठ-साडेआठला अंथरूण घालतात आणि पहाटे तीनला आढ्याकडे बघत पडतात.

तेव्हा पहिला बदल अंथरुणाच्या वेळेचा. एकदम नको, दर तीन-चार दिवसांनी पंधरा मिनिटं पुढे ढकलत दहावर या. दुपारची झोप अर्ध्या तासाच्या आत आणि तीन वाजायच्या आधी. आडवं पडलं की तुम्हाला आवरत नसणार, म्हणून आरामखुर्चीत. दुपारचा चहा चारच्या पुढे नको, कारण चहा-कॉफीतल्या कॅफिनपैकी निम्मं पाच-सहा तासांनीसुद्धा अंगात असतं. आणि पहाटे चारचा चहा बंद, हे जास्त महत्त्वाचं. रोज चारला चूल पेटते, दिवा लागतो, गोड चहा मिळतो म्हटल्यावर शरीर त्या वेळेला उठायला शिकणारच.

आता योग. कपालभाती शरीराला जागं करते, ती सकाळची. रक्तदाबाची गोळी चालू असताना ती जोरात कधीच करू नये. सूर्यनमस्कारही सकाळीच, आणि गुडघे दुखत असतील तर तूर्त नकोच. रात्रीसाठी मी तुम्हाला फार थोडं सांगणार आहे. ‘एवढंच?’ असं वर्गात बहुतेक सगळे विचारतात. एवढंच.

साडेसातला जेवता ते उत्तम, तेच ठेवा. साडेआठच्या सुमाराला कोमट पाण्याने आंघोळ करा. झोप लागायला शरीराच्या आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. कोमट पाण्याने कातडीकडे रक्त येतं आणि आतली उष्णता बाहेर पडते. आपल्या किनाऱ्यावर एप्रिल-मे महिन्यात घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे हे उतरणं रखडतं, म्हणून उन्हाळ्यात तर आंघोळ चुकवू नका. साडेनऊला माजघरात सुती सतरंजी अंथरा. मुलाने आणलेली रबरी मॅट असेल तर ती थंडीसाठी ठेवा, दमट हवेत पाठ तिला चिकटते आणि सगळं लक्ष पाठीकडे जातं.

आधी पाठीवर झोपून एकेक गुडघा दोन्ही हातांनी पोटाकडे घ्यायचा. मांडीच्या मागून धरा, गुडघ्यावर हात दाबू नका. पाच-सहा श्वास, मग दुसरा पाय. घरात जी प्लॅस्टिकची खुर्ची असेल ती भिंतीला टेकवून ठेवा, नाहीतर गुळगुळीत फरशीवरून मागे सरकते. खुर्चीसमोर पाठीवर झोपा आणि दोन्ही पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर टेकवा, गुडघ्यात काटकोन येईल अशा. कड पोटरीला रुतली तर चादरीची घडी घाला. डोक्याखाली पातळ उशी, हनुवटी वर उचललेली नको. हात शरीरापासून थोडे लांब, तळवे वर. भिंतीवर पाय सरळ ठेवायच्या विपरीत करणीची ही सोपी बहीण, गुडघे आणि कंबर दुखणाऱ्यांना मी हीच देते. खुर्ची घेतली म्हणजे योग कमी झाला असं मानू नका. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, दोर, लोड, ठोकळे वापरूनच हजारो आजारी आणि वयस्क माणसांना आसनं शिकवली.

सात-आठ मिनिटं तसंच पडून श्वास. चार मोजेपर्यंत आत, सहा मोजेपर्यंत बाहेर, नाकानेच. मध्ये रोखायचा नाही, तुम्हाला रक्तदाब आहे. असा मिनिटाला साधारण सहा वेळा श्वास होतो. मनगटावर नाडी धरून पाहिलीत तर श्वास सोडताना ठोके किंचित मंदावल्यासारखे वाटतील. तरुणांत हे स्पष्ट कळतं, वयानुसार कमी, तेव्हा नाही कळलं तर धसका घेऊ नका. उच्छ्वास लांबवला की शरीराची विसाव्याची यंत्रणा जोर धरते, सगळं काम तिथे होतं. सहाने दम लागत असेल तर तीन-चार करा. मोजणं हे साधन आहे, परीक्षा नव्हे.

मग कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन सावकाश उठा. शेवटी खुर्चीत बसून भ्रामरी, श्वास सोडताना भुंग्यासारखा बारीक आवाज, पाच-सहा वेळा. ह्यांना सांगून ठेवा, नाहीतर डास आला म्हणून पंखा वाढवतील.

सगळं मिळून वीस मिनिटं. ह्याने झोप ‘येईल’ म्हणून करू नका. आली का, आली का, असं बघत बसलात की ती यायची राहतेच. तीन-चार आठवडे रोज त्याच वेळेला करा आणि मग ठरवा.

तीनला जाग आलीच तर घड्याळ आणि मोबाइल बघायचा नाही. अंथरुणातच तो चार-सहाचा श्वास. अंदाजे वीस मिनिटांत डोळा लागला नाही तर उठून ओटीवर अंधारात किंवा मंद दिव्यात बसा आणि पेंग आली की परत या. भांडी घासायची नाहीत, डाळ निवडायची नाही. कर्ज आणि फवारणी संध्याकाळी सात वाजता वहीत लिहून काढा, समोर ‘उद्या कोणाला फोन करायचा’ तेही लिहा. पहाटे तीनला कर्जाचा एकही हप्ता भरला जात नाही.

दोन गोष्टी डॉक्टरांना विचारा. रक्तदाबाच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल तर ते सकाळी घेता येईल का. दुसरी, पहाटेच्या जागेबरोबर मन सतत उदास असेल, कशात गोडी वाटत नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. तो उपचाराचा विषय आहे, खुर्चीवर पाय ठेवून सुटणारा नाही. आणि हे मोठ्याने घोरत असतील, मध्येच श्वास अडकल्यासारखा होऊन दचकत असतील, दिवसा पेंगत असतील, तर त्यांचीच तपासणी करून घ्या.

हर्णैचा खलाशी, वय 34. सात-आठ दिवस बोटीवर झोप तुकड्यातुकड्यांनी होते. किनाऱ्यावर आलो की पहिल्या रात्री अंग थकलेलं असतं पण झोप नाही, डोळे मिटले की जमीन हलते. बायको योगनिद्रा लावून देते, ती ऐकू का?

ऐका, पण पहिल्या रात्री नको. लाटांवरून उतरल्यावर काही तास, कधी एखादा दिवस, डुलल्यासारखं वाटतं. मेंदू अजून बोटीच्या हेलकाव्यालाच जुळवून घेत असतो. डोळे मिटून निश्चल पडलं की ते वाढतं. त्या दिवशी संध्याकाळी बंदरावर चांगलं चाला, नजर लांब, क्षितिजावर. रात्री डोकं थोडं उंच ठेवा, डोळे अर्धवट उघडे ठेवून नुसता लांब उच्छ्वास. दुसऱ्या रात्रीपासून योगनिद्रा. मुंगेरच्या स्वामी सत्यानंद सरस्वतींनी रूढ केलेल्या ह्या पद्धतीत खरं तर जागं राहून शरीराच्या एकेका भागावर लक्ष फिरवायचं असतं. तुम्ही मध्येच घोरायला लागलात तर तुमच्या बाबतीत मी त्याला यशच म्हणेन. डुलणं आठवडाभर टिकलं तर मात्र कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

बोटीवर आसनं करू नका, ओल्या फळीवर पाय घसरतो. आणि उतरल्यावर झोपेसाठी म्हणून पेला घेत असाल (तुम्ही लिहिलं नाहीत, मीच विचारते), तर दारूने डोळा लवकर लागतो पण उत्तररात्री झोप मोडते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा उठायची एकच वेळ धरा, निदान ते दोन महिने.

आईला (वय 72, राजापूर) काचबिंदू आहे. भिंतीवर पाय ठेवून झोपलं तर झोप छान लागते असं शेजारीण सांगते. करू द्यावं का?

डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. डोकं खाली जाणाऱ्या स्थितीत डोळ्यातला दाब वाढतो, त्यामुळे कमरेखाली उशा घालून केलेली विपरीत करणी नको, आणि ओणवं होऊन करायची आसनंही नकोत. डोक्याखाली आणि खांद्यांखाली मिळून दोन उशा देऊन शवासन करू द्या. झोपताना घालायचे डोळ्यांचे थेंब असतील तर ते आधी.