प्रवासाची खूप आवड आहे, पण आखणी आणि बॅग भरणं जमत नाही. तुम्ही कसं करता?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की महिनाभर नुसते व्हिडिओ बघण्यात जातो, चाळीस ठिकाणांची यादी होते आणि तिकीट काही निघत नाही. निघालंच तर आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत बॅग भरणं चालू असतं. वाचून हसू आलं, कारण दहा वर्षांपूर्वी मीही अशीच होते. आता इतकी उलटी गत आहे की मला प्रवास जास्त आवडतो की त्याची आखणी, असा घरच्यांना प्रश्न पडतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही म्हणा. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी १,५३० लोकांना विचारून केलेला एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला होता. सुट्टीवर जाणारी माणसं इतरांपेक्षा आनंदी दिसली ती निघण्याच्या आधी. परत आल्यावर बहुतेकांच्यात आणि घरी बसलेल्यांच्यात फरक उरलेला नव्हता. म्हणजे ते व्हिडिओ बघण्यातला तुमचा महिना अगदीच वाया जात नाहीये.

अडतं कुठे, तर आपण मोजायचं ते सोडून भलतंच मोजतो. आखणी करताना गावं मोजतो आणि बॅग भरताना दिवस. माझं दोन्ही चुकायचं.

माझी पहिली मोठी सहल अकरा दिवसांची होती आणि त्यात सात गावं बसवली होती. कागदावर ते फार देखणं दिसायचं, कारण दोन गावांमधलं अंतर जेमतेम तीन तासांचं. पण तीन तासांचा प्रवास तीन तासांत कधी होतो? सकाळी बॅग आवरा, अकराच्या आत खोली सोडा, स्टेशन गाठा, गाडीची वाट बघा, उतरल्यावर पत्ता शोधा, खोली तीन वाजल्याशिवाय मिळणार नाही हे ऐकून घ्या आणि बॅगेवर बसून राहा. हातात उरते ती संध्याकाळ. असं सहा वेळा केलं. त्या सात गावांपैकी दोन गावांचं आज मला फक्त स्टेशन आठवतं.

तेव्हापासून मी बिछाने मोजते. दहा रात्री असतील तर तीन बिछाने, फार मोह झाला तर चार. एका ठिकाणी मुक्काम ठोकायचा आणि आजूबाजूची गावं सकाळी जाऊन संध्याकाळी परत अशी करायची. बॅग खोलीत, आपण मोकळे. बघण्याच्या जागा फारशा कमी होत नाहीत, हमाली मात्र निम्म्याने कमी होते.

तुमच्या चाळीस ठिकाणांचं काय करायचं? ती यादी म्हणून ठेवू नका, एका संध्याकाळी बसून सगळी नकाशावर खुणांनी टाका. यादीत चाळीसही ओळी सारख्याच दिसतात. नकाशावर त्यांचे पुंजके दिसायला लागतात. इथे बारा, तिथे नऊ, आणि पाच-सहा अशी, जी कुठेतरी कोपऱ्यात एकटीच बसलेली. त्या एकट्यांना सरळ निरोप द्यायचा. हे जड जातं, मान्य. मी त्यांच्यासाठी ‘पुढच्या वेळी’ नावाची वेगळी यादी ठेवली आहे. ती कधीच संपणार नाही हे मला माहीत आहे, पण नाव पुसण्यापेक्षा हलवणं सोपं जातं.

पुंजके ठरले की मगच वार बघायचे. पॅरिसमध्ये लूव्र मंगळवारी बंद असतं आणि ओर्से संग्रहालय सोमवारी. चुकीच्या दिवशी चुकीच्या दारात उभं राहायला एवढं पुरतं. मग बुकिंग. आधी लांबचं जाण्यायेण्याचं तिकीट, मग पहिल्या रात्रीची सोय, मग ज्याची तिकिटं मोजकीच निघतात अशी एखादी गोष्ट. ही तीन झाली की सहल ठरली असं समजा, बाकीचं सावकाश करता येतं. तुमचं घोडं बहुतेक इथेच अडतंय. सगळा आराखडा पक्का झाल्यावर तिकीट काढू असं म्हणता, आणि आराखडा पक्का होत नाही कारण तारीख नाही. तिकीट हातात आलं की चाळीसपैकी पंधरा ठिकाणं आपोआप गळतात.

दिवसाला एकच गोष्ट वेळ ठरवून करायची. दोन ठरवल्या की पहिलीकडे असताना डोकं दुसरीकडे असतं. आणि लांबच्या विमानप्रवासानंतरचा पहिला दिवस कोराच ठेवा. शरीराचं घड्याळ नव्या वेळेला जुळायला ढोबळमानाने दर तासाच्या फरकामागे एक दिवस घेतं. पूर्वेकडे जाताना जास्त त्रास होतो, कारण आपलं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित लांब चालतं. त्याला उशिरा झोपवणं जमतं, लवकर झोपवणं नाही. हे माहीत असूनही मी एकदा पहिल्याच संध्याकाळचं नाटकाचं तिकीट काढलं होतं. खुर्च्या फार आरामशीर होत्या एवढं सांगू शकते.

सोबत कोणी असेल तर आणखी एक. मी बहुतेकदा बहिणीबरोबर जाते. तिला दहाच्या आत उठवणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. पूर्वी मी पूर्ण आखणी तिच्यापुढे ठेवायचे आणि ती ‘चालेल की’ म्हणायची. तिसऱ्या दिवशी कळायचं, चालत नव्हतं. आता निघण्याआधी दोघी आपापल्या तीन गोष्टी सांगतो, ज्या झाल्याच पाहिजेत. तिच्या तीनपैकी एक गेल्या वेळी ‘दुपारची झोप’ होती. लिहून घेतली.

कागदपत्रांचं लांबण लावत नाही, फक्त पासपोर्ट आजच काढून बघा. मुदत संपायला अजून अवकाश आहे म्हणून निर्धास्त राहू नका. बरेच देश प्रवेशाच्या वेळी सहा महिन्यांची मुदत शिल्लक मागतात. युरोपातल्या शेंगेन देशांमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं त्या गटात, तिथून परत निघण्याच्या ठरलेल्या तारखेनंतर तीन महिने मुदत लागते आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला असावा लागतो. छायाप्रत मूळ पासपोर्टच्याच कप्प्यात ठेवणारे लोक मी पाहिलेत. ती दुसऱ्या बॅगेत ठेवा.

आता बॅग. माझ्या आवडीचा विषय, त्यामुळे थोडं वाहवत जाणार आहे.

कपडे किती दिवसांचे घ्यायचे हा प्रश्नच सोडून द्या. धुणं कितव्या दिवशी पडणार ते विचारा. दर चौथ्या दिवशी कपडे धुता येणार असतील तर चार दिवसांचे कपडे आणि अंगावरचा एक जोड, मग सहल दहा दिवसांची असो की पंचवीस. हे पटेपर्यंत मी दहा दिवसांना दहा जोड आणि ‘असू दे’ म्हणून वर दोन न्यायचे. परत आल्यावर घडीही न मोडलेले चार तरी निघायचे.

यात खरी परीक्षा वाळण्याची असते. सुती कापड पाणी धरून ठेवतं, जीन्स तर बंद खोलीत दोन दिवस ओली राहते, वर तिचं वजन. पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषतच नाही, रात्री धुतलेला सदरा सकाळी अंगात घालता येतो. पण घामाचा वास त्याला लवकर लागतो. मरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीला वास कमी लागतो, ती महाग मात्र असते. मी मिसळून नेते. धुतलेला कपडा हाताने पिळून झाला की कोरड्या टॉवेलवर पसरायचा, टॉवेलसकट घट्ट गुंडाळी करायची आणि ती गुंडाळी पिळायची. राहिलेलं पाणी टॉवेल ओढून घेतो. सोबत दोन मीटर दोरी असू द्या. खुर्चीच्या पाठीवर वाळत घातलेले मोजे आणि ते उलटवत बसलेली मी, हे दृश्य बहिणीने पुरेसं पाहिलंय.

रंगांचं म्हणाल तर खालचे दोन आणि वरचे चार असे निवडा की कुठलाही वरचा कुठल्याही खालच्यावर जाईल. ज्याला स्वतःचीच खास जोडी लागते तो कपडा कितीही आवडता असला तरी घरी.

गुंडाळी करावी की घडी, यावर लोक हिरिरीने भांडतात. मला फार फरक दिसलेला नाही. गुंडाळ्या केल्या की एका नजरेत सगळं दिसतं, हा फायदा खरा. हवा काढून कपडे चपटे करणाऱ्या पिशव्या मात्र फसव्या. जागा वाचते, त्या जागेत आपण आणखी सामान कोंबतो आणि वजन मात्र वाढतं. विमान कंपनीचा काटा जागा बघत नाही.

म्हणूनच बॅग लहान घ्या. रिकामी जागा दिसली की ती भरली जाणार, याला मी स्वतः अपवाद नाही. माझी चाळीस लिटरची पाठीवरची बॅग आहे, रिकामी असताना दीड किलोच्या आतली. चाकांची कडक बॅग रिकामीच तीन किलो भरते, आणि हातातल्या सामानाची मर्यादा बऱ्याच ठिकाणी सात-आठ किलोचीच असते. चाकांवर माझा तसाही थोडा राग आहे. बॅगेला चाकं लावायचं अमेरिकी पेटंट बर्नार्ड सॅडो यांना १९७२ साली मिळालं, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्यानंतर तीन वर्षांनी. सोय मोठी झाली यात वाद नाही, पण तेव्हापासून आपल्याला आपल्या सामानाचं वजन कळेनासं झालं. ते कळतं थेट जिन्यापाशी. त्या सात गावांच्या सहलीत माझी बॅग एकोणीस किलोची होती आणि चौथ्या मजल्यावरच्या खोलीला लिफ्ट नव्हती. आता बॅग भरली की ती घेऊन तीन मजले चढून बघते. धाप लागली तर परत येऊन काहीतरी बाहेर काढते. शेजारी बघतात, बघू देत.

हातातल्या बॅगेबद्दल मात्र जरा काळजी घ्या. एका प्रवासात माझी मोठी बॅग माझ्याबरोबर उतरलीच नाही. पट्टा रिकामा फिरत राहिला, मग थांबला. रोजची औषधं त्या बॅगेत, चार्जर त्या बॅगेत, मुक्कामाचा पत्ता फोनमध्ये आणि फोनची बॅटरी चार टक्के. एक गोष्ट नशिबाने बरोबर केली: विमानतळ सोडण्याआधी खिडकीवर लेखी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतला. बॅग तिसऱ्या दिवशी आली. आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा माँट्रियल करार (विमान कंपनीने सामानाची भरपाई कधी द्यायची ते ठरवणारा) लागू असेल तर उशिरा आलेल्या बॅगेची लेखी तक्रार ती हातात पडल्यापासून एकवीस दिवसांत करावी लागते, बॅग तुटलीफुटली असेल तर सात दिवसांत. एकवीस दिवसांत आलीच नाही तर ती हरवली असं धरता येतं. त्या तीन दिवसांत घेतलेल्या गरजेच्या वस्तूंच्या पावत्या मी जपून ठेवल्या होत्या, त्या कामाला आल्या.

तेव्हापासून औषधं, चष्मा, चार्जर, एक जोड कपडे आणि कागदावर लिहिलेला पत्ता एवढं माझ्या हातात असतं. पॉवर बँक तर हातातच न्यावी लागते, कारण लिथियम बॅटरीने पेट घेतला तर प्रवाशांच्या भागात ती विझवता येते, खाली सामानात हात पोहोचत नाही. मर्यादा शंभर वॉट-तासांची. मिलिअँपिअर-तासांच्या आकड्याला ३.७ ने गुणून हजाराने भागा. वीस हजार मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक चौऱ्याहत्तर वॉट-तास भरते, म्हणजे चालते. द्रवाच्या बाटलीवर बहुतेक ठिकाणी १०० मिलिलिटरची मर्यादा असते आणि मोजली जाते ती बाटली, आतला ऐवज नाही. दोनशेच्या बाटलीत तळाशी उरलेलं तेलही काढून घेतात. माझं घेतलंय.

राहता राहिली तुमची रात्री दोनची गोष्ट. काय न्यायचं ते ठरवणं आणि प्रत्यक्ष भरणं ही दोन कामं तुम्ही एकाच रात्री करताय. ठरवायचं काम तीन दिवस आधी करा. तोवर तिथल्या हवामानाचा अंदाजही बऱ्यापैकी भरवशाचा झालेला असतो. सगळं पलंगावर मांडा आणि फोटो काढा. फोटोत ढीग जितका मोठा दिसतो तितका समोर दिसत नाही, का ते देव जाणे. फोटो बघून चार वस्तू कमी करा. आदल्या संध्याकाळी मग फक्त भरायचं, त्याला अर्धा तास पुरतो. दात घासायचा ब्रश आणि चार्जर सकाळपर्यंत लागणारच, त्यांची चिठ्ठी बाहेरच्या दाराला आतून चिकटवा.

परत आल्यावर बॅग रिकामी करतानाच, जे एकदाही बाहेर निघालं नाही ते मी वहीत लिहिते. पुढची यादी त्या पानावरूनच सुरू होते. छत्री अशीच गेली, इस्त्री गेली, जाड पुस्तकं गेली. सलग तीन सहली त्या पानावर पहिलं नाव दुर्बिणीचं आहे, सहाशे ग्रॅम. पुढच्या महिन्यात निघतेय, आणि ती कालच पलंगावर काढून ठेवलीय.